सव्वासहाची रिंग

लंकाबाईनं बॅटरीचा झोत पुन्हा एकदा संडासाच्या भांड्यात टाकला. पांढऱ्या भांड्यावर लाल ओघळ होता, करंगळीच्या पेराएवढा. बीट खाल्लं असेल म्हणावं, तर घरात महिनाभर बीट आलं नव्हतं. तिनं बादलीभर पाणी ओतलं. मग आणखी अर्धी बादली ओतली. मग पत्र्याच्या दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं, जणू कुणी बघत उभं असेल.

बाहेर धुकं होतं आणि धुक्यात ऊस होता. संडासाच्या मागच्या भिंतीपासून चार पावलांवर उसाची पहिली सरी सुरू व्हायची, ती थेट ओढ्यापर्यंत. लेकानं, ज्ञानेश्वरनं, घरात टाइल्सचा संडास बांधून तीन वर्षं झाली होती. पण ज्या छपराखाली चूल, त्याच छपराखाली असलं काम लंकाबाईला कधी पटलं नाही. "पायाशी वाघ यून बसला तरी आई आतल्या संडासात जायची न्हाई," असं ज्ञानेश्वर म्हणायचा. पिंपरी पेंढारात बिबट्याला बिबट्या फक्त वनखातं म्हणतं, बाकी सगळे वाघच म्हणतात. नवरात्रात वनखात्यानं ओढ्याकाठी पिंजरा लावून एक धरला आणि गाडीत घालून नेला. वाघ गेला म्हणून गाव निर्धास्त झालं. लंकाबाईनं मात्र त्या वनरक्षकाला तोंडावर विचारलं होतं, "नेला म्हंजी कुठं नेला? जागा सांग की." 

ती काठी आपटत, घसा खाकरत घराकडे निघाली. वारा अजिबात नव्हता. तरी मागे पाचट वाजलं. एकदाच. ती थांबली, तसं तेही थांबलं.

ओट्यावर पाय ठेवते न ठेवते तोच कमरेला खोचलेला फोन वाजला. एकच रिंग, की कापली.

सव्वासहा. झुंबरबाईची रिंग.

एक रिंग म्हणजे साफ. एकदा देऊन कापायची आणि पुन्हा द्यायची, म्हणजे लाल. गेले पंधरा महिने दोघींचा हा शिरस्ता होता. पेठहून झुंबरबाईनं द्यायची, पिंपरी पेंढारहून लंकाबाईनं उलट द्यायची. फोनवर बोलायचं नाही. बोललं की सुना-नातवंडं कान टवकारतात, आणि बोलायची गोष्ट अशी, की सख्ख्या लेकासमोरही तिचं नाव घ्यायची लाज.

लंकाबाईचा अंगठा हिरव्या बटणावर थांबला. आत सून सोनल चहाचं आधण ठेवत होती. लंकाबाईनं बटण दाबलं, पलीकडे एकदा वाजू दिलं आणि कापलं.

मग ती वाट बघत उभी राहिली नाही. फोन पुन्हा खोचून सरळ चुलीपाशी जाऊन बसली. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा ती खोटं बोलली होती, आणि त्यासाठी तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं.

"आत्याबाई, बेस्तरवारी तुमची तारीख हाय ना पुण्याची?" सोनलनं कप पुढे करत विचारलं.

"हाय तर हाय. उसाची तोड दारात आली आन् मी पुण्याला जाऊन बसू? तोडकरी काय तुज्या ऐकण्यातलं हायेत? पुढच्या म्हैन्यात जाईन."

"डॉक्टरीणबाई म्हनली व्हती, एक बी तारीख चुकवायची न्हाई."

"तिला काय जातंय म्हनायला. बोट तिचं आसतंय, जागा मपली."

सोनल हसू दाबत मागे वळली. लंकाबाई हसली नाही.

गावात सगळ्यांना माहीत होतं की लंकाबाईला मूळव्याध झाली होती. लंकाबाईनंच तसं सांगितलं होतं, आणि आधी वर्षभर तिलाही तेच वाटलं होतं. ओतूरच्या बाजारातल्या पुड्या झाल्या, सुरणाची भाजी झाली, आळ्याच्या एका वैद्याचं तेल झालं. रक्त काही थांबेना. नवरा वारल्यावर आठ वर्षांच्या पोराला पाठीशी घालून जिनं बारा एकर रान भावकीच्या दाढेतून सोडवून आणलं, ग्रामपंचायतीत खुर्ची ओढून घेऊन बसली, ती बाई धोतर नेसलेल्या वैद्याला विचारू शकली, पण बसायच्या जागेचं दुखणं लेकाला सांगायला तिला वर्ष लागलं. पुण्याच्या दवाखान्यात गाठ निघाली. गुदद्वाराच्या अगदी तोंडाशी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, तेजस्विनी मॅडमनी, कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ इतकी खाली, की कापायची म्हटलं तर सगळी वाटच काढावी लागेल, आणि पोटाला भोक पाडून तिथं पिशवी लावावी लागेल. जन्मभर.

"घरात संडास नको म्हननारी मी," लंकाबाई म्हणाली होती, "आन् आता पोटाव घिऊन हिंडू व्हय?"

"आधी शेक देऊ, गोळ्या देऊ, इंजेक्शनं देऊ, आजी. मग बघू."

शेक म्हणजे रेडिएशनचा. अठ्ठावीस दिवस. दवाखान्याच्या तळघरातल्या बाकड्यावर नंबर लावून बसायचं. बसायच्या आधी तांब्याभर पाणी प्यायचं आणि ते तुंबवून धरायचं. लघवीची पिशवी भरलेली असली की शेक नीट लागतो म्हणे. त्या बाकड्यावर लंकाबाईच्या शेजारी एक काळीसावळी, ठेंगणी बाई मांड्या आवळून बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी आतून मिशीवाला एक पैलवान गडी बाहेर आला, दवाखान्याचा झगा घातलेला, आणि मागच्या नाड्या बांधायच्या विसरलेला.

"येवढ्या मिशा राखल्या," लंकाबाई पुटपुटली, "आन् मागलं दार उघडंच ठिवलं."

"हसवू नगा वं बाई," शेजारीण कळवळून म्हणाली, "फुटंल!"

ती झुंबरबाई. तिची गाठही तिथंच, तसलीच. पंचवीस दिवस दोघी तशाच बसल्या, हसू आणि पाणी दोन्ही धरून. डॉक्टरांनी तिखट, डाळी, भाकरी सगळं तोडलेलं. मग दोघी बाकड्यावर बसून नुसत्या मासवडीच्या गप्पा मारायच्या: सारणात तीळ जास्त की खोबरं, रस्सा वर ओतायचा की वाटीत वेगळा घ्यायचा. "बरी झाले की तुमच्या हातची खानार," झुंबरबाई म्हणायची. "पेठच्या बायांना वडी वळता येत न्हाई, हे कबूल कर आधी," लंकाबाई म्हणायची.

शेक झाला, इंजेक्शनं झाली, पावसाळा सरता सरता तपासणी झाली. तेजस्विनी मॅडमनी बोटानं पाहिलं, दुर्बिणीनं पाहिलं, एमआरआय पाहिला.

"आजी, गाठ दिसत नाही. तिथं फक्त एक पांढरा डाग राहिलाय. गेली."

"गेली म्हंजी कुठं गेली?"

"विरघळली म्हणा."

"मिठाचा खडा हाय का ती?"

मॅडम हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आता दोन रस्ते आहेत. एक, तरीही ऑपरेशन करायचं, पिशवी लावायची, म्हणजे धोका कमी. दुसरा, काहीच कापायचं नाही. नुसती राखण करायची. दर तीन महिन्यांनी मी बोटानं बघणार, दुर्बिणीनं बघणार. चारातल्या एखाद्याला ती तिथंच परत येते, बहुतेक करून दोन वर्षांच्या आत. वेळेवर दिसली तर तेव्हा ऑपरेशन करता येतं. पण एक अट. तारीख चुकवायची नाही, आणि रक्त दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही."

झुंबरबाईला त्याच आठवड्यात तेच सांगितलं गेलं. दोघींनी दुसरा रस्ता घेतला.

पण लंकाबाईच्या मनातून ते गेलं नाही. तिच्या जावेची गर्भाची पिशवी काढली, तेव्हा डॉक्टरांनी ती बरणीत घालून घरच्यांना दाखवली होती. दाढ उपटली तरी हातावर ठेवतात. काट्यानं काढलेला काटासुद्धा माणूस एकदा बघतो, मग टाकतो. तिची गाठ कुणी काढली नाही, कुणी पाहिली नाही, कुणी पुरली नाही. नुसती गेली. कधी कधी दुपारी ओट्यावर पडल्यावर तिला वाटायचं, आतमध्ये कुणीतरी पाय पोटाशी घेऊन गप बसलंय, आणि आपण कूस बदलली की तेही कूस बदलतंय.

तिनं हे एकीलाच सांगितलं होतं.  झुंबरबाई फोनवर म्हणाली, "मला बी वाटतं वं. म्हून मी एका कुशीवच झोपते."

त्यावरूनच रिंगांचं ठरलं.

आता त्या झुंबरबाईला सांगायचं होतं, की आज माझी एक रिंग खोटी होती. फोनवर नाही. समोर बसून. इतर कुणाला सांगितलं तर घर गाडी काढेल आणि चार दिवसांत पोटावर पिशवी येईल. झुंबरबाई आधी शिव्या देईल आणि मग काय करायचं ते सांगेल.

तसं झुंबरबाईशी बोलणं होऊनही बरेच दिवस झाले होते. नातीचं लग्न झालं तेव्हापासून ती कमी बोलायला लागली. तपासणीला बरोबर जाऊ म्हटलं, तर म्हणायची, "मी गेल्याच आठवड्यात जाऊन आले बाई." दिवाळीनंतर लंकाबाईनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा कुणीतरी उचलला, बोललं नाही, आणि ठेवला. श्वास तेवढा ऐकू आला. नातीला मोठं सासर मिळालं म्हणून बाई चढली, असं म्हणून लंकाबाईनं चौथ्यांदा केला नाही. कुणाच्या पाया पडत जाणं तिच्या रक्तात नव्हतं. रिंग मात्र रोज येत होती. उलट जास्तच नेमानं. पूर्वी झुंबरबाईची रिंग कधी सहाला, कधी पावणेसातला यायची. जसं पोट हलेल तशी. हल्ली सव्वासहा म्हणजे सव्वासहा. आणि वाजायच्या आधीच कापल्यासारखी, अर्धीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा लाल दिसलं. पुन्हा सव्वासहाला रिंग आली. लंकाबाईनं पुन्हा एकच दिली. मग आंघोळ करून मासवड्या थापायला बसली.

"कुनासाठी वं आत्याबाई, येवढ्या सकाळी?"

"पेठला चाललेय. मैतरनीकडं."

"बरं वाटतंय ना तुमाला?"

"मला काय धाड भरलीय?"

आळेफाट्याहून एसटी मिळाली. नारायणगाव, मंचर, अवसरीचा घाट. मांडीवर स्टीलचा डबा धरून ती खिडकीशी अंग चोरून बसली होती, एका कुशीवर.

पेठच्या फाट्यावर एका दुकानदाराला तिनं विचारलं, "झुंबरबाईचं घर कुठंशी?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. "चिमाजीबाबांचं? त्या बोळातनं सरळ, निळा दरवाजा. बाबा आत्ता मळ्यात आसतील."

मी बाईचं विचारलं, हा बाप्याचं सांगतोय, असं मनात म्हणत ती बोळातून गेली.

निळा दरवाजा उघडा होता. अंगण झाडलेलं होतं, पण रांगोळी नव्हती. "झुंबरे!" तिनं हाक मारली. "अगं ए झुंबरे, मासवडी आलीय दारात!" घरातून काही आलं नाही. वळचणीला दोन पारवे घुमत होते, तेही हाकेसरशी गप्प झाले.

लंकाबाईनं कमरेचा फोन काढला आणि नंबर लावला.

घरात फोन वाजला.

लांब, मधल्या खोलीतून. ती चपला काढून आवाजाच्या मागे आत गेली. माजघरात अंधार होता. भिंतीतल्या कोनाड्यात फोन उजळून निघाला होता, थरथरत होता आणि थरथरत थरथरत कोनाड्याच्या काठाकडे सरकत होता. फोनच्या कपाळाला हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती. शेजारी हिरव्या बांगड्या होत्या, दोऱ्यात ओवलेल्या. झुंबरबाईच्या. मोठ्या मनगटाच्या.

लंकाबाईचा अंगठा बटणावरून निघेना. तिच्या हातातला फोन पलीकडच्या रिंगा ऐकवत होता आणि कोनाड्यातला वाजत होता, आणि दोन्हींच्या मध्ये घर रिकामं होतं.

"ही येळ न्हाई," पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

उंबऱ्यावर एक म्हातारा उभा होता, खांद्यावर फडकं, पायाला चिखल. त्यानं आत येऊन कोनाड्यातला फोन उचलला, बंद केला, पुन्हा होता तसा ठेवला. "रिंग सकाळची आसती," तो म्हणाला. मग त्यानं तिच्या हातातला डबा पाहिला. "लंकाबाई का तुमी?"

"झुंबर कुठं हाय?"

"वसुबारसंला गेली."

"कुठं गेली?"

म्हाताऱ्यानं खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. लंकाबाईनंच मग भिंतीला हात लावला आणि खाली बसली. दिवाळी होऊन दोन महिने झाले होते.

"आज सकाळी रिंग आली मला," ती म्हणाली. "काल आली. परवा आली."

"मी दिली."

"तुमी?"

चिमाजीबाबा, झुंबरबाईचे मालक, तिच्यापासून दूर, दाराशी उकिडवे बसले. बोलायची सवय गेलेल्या माणसासारखे थांबत थांबत बोलू लागले. "तिला चैतापासनंच लाल व्हतं. मला बी न्हाई सांगितलं. नातीचं, संस्कृतीचं, लगीन व्हतं वैशाखात. म्हनली आसंल मनात, पिशवी लावून मांडवात कशी बसू. मग लगीन झालं, तर म्हनली, पंचमी जाऊं द्या. तपासनीला गेलीच न्हाई. पिवळी पडली तवा नेली. काळजात पसरलं व्हतं."

"आन् मला एक रिंग देत व्हती ती? चैतापासनं?"

"मी म्हनलो तिला, त्या बाईला तरी खरं सांग. तर म्हनली, लंका भ्याली तर लंका बी जायची बंद व्हईल. तिला साफ सांगितलं म्हंजी ती हिमतीनं तारखंला जाती."

लंकाबाईनं पदराचा बोळा तोंडावर धरला. रडायला नाही, शिवी थांबवायला. "आन् तुमी? तुमाला लाज न्हाई वाटली, मेलेल्या बाईच्या हातानं रिंगा द्यायला?"

"दिवस व्हते त्ये दहाव्याच्या आतले," चिमाजीबाबा म्हणाले. "समदी मानसं शेताव, कुनी कुठं. मी एकला. तिची रिंग आली न्हाई म्हून तुमी दिली, सव्वासहाला. हितं तिचा फोन वाजला." त्यांनी कोनाड्याकडे पाहिलं नाही. "घरात तिचं काय तरी वाजलं. मग मी बी उलट दिली. दुसऱ्या दिशी वाटलं, आपन दिली तर परत वाजंल. म्हून दिली. वाजला. येवढंच झालं बगा. सांगाया पायजे व्हतं. फोन तुमचा आला तवा उचलायचो, पन तोंडातनं भाईर येईना."

"एकच का दिली?" लंकाबाई म्हणाली. "मेल्याव किती द्यायच्या, त्ये आमचं ठरलं नव्हतं."

 पारवे पुन्हा घुमायला लागले.

लंकाबाईच्या ध्यानात आलं, की झुंबर खोटी, हा म्हातारा खोटा, आणि कालपासून आपणही खोट्या. तीन माणसं रोज सकाळी एकमेकांना साफ, साफ, साफ म्हणून सांगत होती, आणि त्यातलं एक माणूस तर नव्हतंच. कोनाड्यातल्या बांगड्या दोऱ्यावर अजून किंचित हलत होत्या. फोनच्या थरथरण्यानं असतील.

ती उठली. स्वयंपाकघर कुठं आहे ते न विचारता गेली, ताट आणलं, वाटी आणली. मासवड्या काढल्या, रस्सा वाटीत वेगळा घातला. चिमाजीबाबांनी पहिली वडी उचलून ताटाच्या कडेला बाजूला ठेवली आणि मग दुसरीला हात लावला.

"तिखट झालीया," ते म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते.

"तिखटच आसती," लंकाबाई म्हणाली.

निघताना ती उंबऱ्यात थांबली. "भाऊ, रिंग बंद करू नका. वाजूं दे घरात. पन फोन उचलून गप बसायचं न्हाई. मला मेलेल्याचा श्वास ऐकवायचा न्हाई."

"न्हाई, बाई."

संध्याकाळी ज्ञानेश्वर ओट्यावर तोडीच्या मुकादमाशी बोलत होता. उद्या सकाळी कोयते घराच्या मागच्या पट्ट्यात पडणार होते. लंकाबाई येऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"उद्या गाडी काढ. पुन्याला."

"आई, उद्या तोड हाय. आन् तूच म्हनली व्हतीस, पुढच्या..."

"रगत दिसलं," लंकाबाई म्हणाली. मुकादमासमोर. ज्ञानेश्वरचं तोंड उघडंच राहिलं. मुकादमानं खाली बघत तंबाखू झटकली. गावाला आता मूळव्याध सांगता येणार नव्हती, हे तिला बोलता बोलताच कळलं, आणि तिनं ते परत घेतलं नाही.

तेजस्विनी मॅडमनी आधी समजूत घातली, की शेकानंही आतली कातडी नाजूक होते, त्यानंही रक्त येऊ शकतं, लगेच घाबरायचं नाही. लंकाबाई म्हणाली, "घाबरून न्हाई आले. बगा तुमी." कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली. भिंतीवर एक पडदा होता. त्यावर तिची आतली वाट दिसू लागली, गुलाबी, ओली, कुठल्यातरी गुहेसारखी. तिनं पहिल्यांदाच डोळे मिटले नाहीत.

पांढरा डाग होता. तव्याचा चटका बसून बरं झालेल्या हातासारखा. आणि डागाच्या कडेला, अगदी कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी लाल, टपोरं.

दुर्बीण तिथं थांबली. 

"कुठं गेली न्हवती," लंकाबाई पडद्याकडे बघत म्हणाली. "हितंच व्हती."

"तुकडा घेऊन तपासायला पाठवते, आजी. पण खरं सांगायचं तर, तीच वाटतेय. एमआरआय करू, बाकी शरीरात कुठं नसेल तर आत्ता ऑपरेशन होऊ शकतं. लहान आहे. वेळेवर आलात."

"पिशवी?"

"लागेल. कायमची."

लंकाबाई उठून बसली. लुगडं नीट केलं. पदर घेतला. "किती म्हैने झाले वं, तुमी गेली म्हनल्याला?"

"पंधरा."

"पंधरा म्हैने मपल्या बुडाव बसले," ती म्हणाली. "पंगतीत बसले. बांधाव बसले. त्ये फुकट न्हाई गेलं." मग दारात वळून म्हणाली, "माज्या संगतीनं एक झुंबरबाई व्हती, पेठची. तिच्या कागदाव लिवा. गेली ती. तुमच्याकडं तिची वाट बगत आसतील."

 मॅडमनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

चौथ्या दिवशी अहवाल आला. गाठ तीच होती, बाकी अंगात कुठं नव्हती. ऑपरेशनची तारीख पडली, बुधवारची.

पाचव्या दिवशी पहाटे लंकाबाई काठी आणि बॅटरी घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली आणि जागीच थबकली. ऊस नव्हता. तोड ओढ्यापर्यंत गेली होती. उघड्या रानावर धुकं जमिनीसरसं पसरलं होतं, आणि संडास एकटाच उभा होता. काल मुकादम येऊन सांगून गेला होता ते तिनं बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहिलं. तोडताना मध्ये एक जागा सापडली होती. पाचट दाबून दाबून गादी झालेली, त्यावर पिवळसर केस, कुत्र्याची हाडं, आणि बाजूच्या ओल्या मातीत पंजे, जुन्यावर नवे, नव्यावर जुने. नवरात्राच्या आधीपासूनचे. पिंजऱ्यातून नेला तो दुसराच कुणी होता. लंकाबाईनं तिथून संडासाच्या भिंतीपर्यंत पावलं मोजली. अकरा भरली. इतके महिने रोज सकाळी ती त्याच्यापासून अकरा पावलांवर बसत होती, आणि तो ऐकत होता.

ती आत जाऊन आली. मग ओट्यावर न जाता त्या दाबलेल्या जागेपाशीच उभी राहिली, काठीवर भार देऊन.

सव्वासहाला फोन वाजला. एक रिंग. कापली.

लंकाबाईनं फोन डोळ्यांसमोर धरला. नंबर लावला, एकदा वाजू दिला, कापला. पेठला, माजघरात, कोनाड्यात आत्ता तो उजळला असेल. तिनं पुन्हा नंबर लावला. पुन्हा एकदा वाजू दिला. कापला.

दोन.

रान गप्प होतं. दूर मुकादमाच्या तळावर कुणीतरी बैलांना हाक मारत होतं.

मग तिच्या हातातला फोन वाजला. एक रिंग झाली, आणि कापली नाही. दुसरी झाली. तिसरी झाली. वाजतच राहिली. न कापता वाजणाऱ्या रिंगेचा अर्थ काय, ते त्या दोघींनी कधी ठरवलेलं नव्हतं.

लंकाबाईनं फोन कानाला लावला. पलीकडे श्वास होता.

"बोला, भाऊ," ती म्हणाली.